तमिळ घरचं जेवण शिकायचं तर रसमपासून

दाक्षिणात्य स्वयंपाक शिकायचा ठरला की आपल्याकडे पहिल्या रात्री तांदूळ आणि उडदाची डाळ भिजत पडते. पीठ फुगतं किंवा फुगत नाही, इडली दडदडीत होते, आणि पुष्कळांचा उत्साह तिथेच संपतो. मी नवख्या माणसाला वेगळा रस्ता सांगते. इडली, डोसा, मेदुवडा हे तिकडचं ‘टिफिन’, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं खाणं. घराचा खरा स्वयंपाक दुपारच्या भाताभोवती फिरतो: सांबार किंवा कुळंबु (चिंचेच्या किंवा ताकाच्या रसातलं कालवण), रसम, एखादी सुकी भाजी, शेवटी दहीभात. यात आंबवण्याची वाट पाहावी लागत नाही, निम्मं सामान तुमच्या मिसळणाच्या डब्यात आहे, आणि आमटी-भात जमणाऱ्या कुणालाही ते महिन्याभरात जमतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून घ्या: कुठल्या प्रांताचं शिकायचं. आंध्रातला पप्पु (घट्ट वरण), केरळचं तोरन (खोबऱ्याची सुकी भाजी), उडुपीची हुळी (तिथलं सांबार) आणि तंजावूरकडचं सांबार यांचे स्वभाव वेगळे आहेत. उडुपीकडे सांबारात गूळ पडतो, केरळात खोबरेल तेल लागतं, आंध्रात तिखटाचा हात सैल असतो. चारही एकदम शिकायला गेलं की चारांची सरमिसळ होते आणि हॉटेलातलं सांबार तयार होतं. मी इथे तमिळनाडूतल्या शाकाहारी घरांतलं रोजचं जेवण धरते, कारण मला ते जवळून माहीत आहे. ते हाताला बसलं की कानडी सारु किंवा तेलुगू चारु, म्हणजे तिकडची रसमं, शिकायला फार वेळ लागत नाही.

आधी क्रम समजून घ्या

केळीच्या पानावर वाढताना पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतं. वरच्या अर्ध्या भागात मीठ, लोणचं, भाज्या. खालच्या भागात भात. भात एकदाच वाढून त्यावर सगळं ओतत नाहीत. पहिला भात शिजवलेलं घट्ट वरण आणि तुपाबरोबर किंवा थेट सांबाराबरोबर, दुसरा रसमबरोबर, तिसरा दह्याबरोबर. म्हणजे चव दाट आणि मसालेदार, मग पातळ आणि आंबट, मग थंड आणि सौम्य, अशी उतरत जाते. हा क्रम डोक्यात असला की पदार्थ किती दाट हवा, किती तिखट हवा याचा अंदाज आपोआप येतो. सांबार भाताला धरून राहायला हवं. रसम भातातून खाली वाहायला हवं. पोळीबरोबर खायचं म्हणून सांबार फार दाट केलंत तर पुढचा सगळा तोल जातो, तेव्हा निदान शिकत असताना भातच लावा.

तांदूळ कोणता? तिकडे पोन्नी किंवा सोना मसुरी. आपला कोलम छान चालतो. बासमती नको, त्याचा वास रसमशी भांडतो आणि दाणा रस शोषत नाही. इंद्रायणी चिकट होतो, तो दहीभातासाठी आणि वेण्पोंगलसाठी (मूगडाळ-तांदळाच्या मऊ खिचडीसाठी) राखून ठेवा, तिथे तो फार चांगला लागतो.

सामान: थोडंच, पण नेमकं

तूरडाळ, उडदाची डाळ, हरभराडाळ, मोहरी, मेथी, धणे, जिरे, मिरे, हळद, चिंच, कढीपत्ता, ओला नारळ हे घरात असतंच. तीन गोष्टींकडे मात्र लक्ष द्या.

पहिली, हिंग. आपण चिमूटभर पूड तेलात टाकतो. तमिळ घरांत अनेकदा खड्याचा हिंग वापरतात. त्याचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून ते पाणी सांबार-रसममध्ये घालतात. कांदा-लसूण नसलेल्या स्वयंपाकात हिंगच पाया असतो, तेव्हा हात आखडू नका.

दुसरी, तिळाचं तेल, ज्याला ते नल्लेण्णै म्हणतात. हे कच्च्या तिळाचं घाण्याचं तेल असतं, रंगाने सोनेरी आणि वासाला गोडसर. चिनी स्वयंपाकातलं भाजलेल्या तिळाचं काळपट तेल हे नव्हे, ते चुकूनही घेऊ नका. रोजच्या भाजीला शेंगदाण्याचं तेल चालेल, पण पुढे वत्तल (मीठ लावून वाळवलेली फळं-भाज्या) घातलेला वत्तल कुळंबु करायचा असेल तर तिळाच्या तेलाला पर्याय नाही.

तिसरी, मिरची. ब्याडगी रंग जास्त आणि तिखटपणा कमी देते, गुंटूर जाळ काढते, आणि आपली संकेश्वरी किंवा लवंगी त्याच मापात घातली तर पदार्थ खाववत नाही. पाककृतीत ‘सहा मिरच्या’ लिहिलेलं असतं तेव्हा कोणत्या मिरच्या ते आधी विचारा. कळलं नाही तर ब्याडगी घ्या आणि जोडीला एखादीच तिखट मिरची.

मुंबईत माटुंग्याला किंवा चेंबूरला, पुण्यात रास्ता पेठेत यातलं सगळं मिळतं: वत्तल, अप्पळम (तिकडचे पापड), सांबाराचे छोटे कांदे, केळीची पानंसुद्धा. दूरच्या गावी असाल तर नुसतं तेल आणि वत्तल मागवून घ्या, बाकी काही अडत नाही.

पहिला आठवडा: रसम

रसम पहिलं शिकायचं, कारण या स्वयंपाकातले तीन महत्त्वाचे धडे त्यात एकत्र येतात: चिंच किती आणि कशी शिजवायची, विस्तव कधी बंद करायचा, फोडणी कधी घालायची. शिवाय बिघडलं तरी नुकसान थोड्या चिंचेचं आणि दोन टोमॅटोंचं.

चार जणांसाठी छोट्या लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा आणि कुस्करून अडीच कप पातळ कोळ गाळून घ्या. पाव कप तूरडाळ हळद घालून अगदी मऊ शिजवा. कोळात दोन पिकलेले टोमॅटो हाताने चुरडून घाला, मीठ, पाव चमचा हळद, हिंग आणि कढीपत्त्याची पानं टाकून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं उकळा. इथे घाई करायची नाही. चिंचेचा कच्चा वास गेला पाहिजे. तमिळ घरांत शिकवणारी बाई हेच पुन्हा पुन्हा सांगते, ‘पच्चै वासनै’ जाऊ दे. पातेल्यावर वाकून वास घ्या. सुरुवातीला नाकाला झोंबणारा, हिरवट आंबटपणा असतो. तो गेला आणि टोमॅटोचा गोडवा वर आला की पुढे जायचं.

आता एक चमचा मिरे आणि दीड चमचा जिरे खलबत्त्यात जाडसर कुटून घाला. हे आयत्या वेळी कुटायचं. मिक्सरची बारीक पूड रसम गढूळ करते. शिजलेली डाळ दीड कप पाण्यात घोटून ओता. यानंतर रसमला खळखळ उकळी येऊ द्यायची नाही. कडेने फेस धरतो, तो मध्याकडे सरकतो, रसम पातेल्यात वर चढायला लागतं. त्याच क्षणी गॅस बंद. पुढे उकळत राहिलं तर मिऱ्या-जिऱ्याचा सुगंध वाफेबरोबर उडून जातो आणि उरतं ते आंबट पाणी. नवख्यांचं रसम फिकं लागण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

गॅस बंद केल्यावर तुपात मोहरी, थोडे जिरे, एक सुकी मिरची यांची फोडणी वरून द्या, चिरलेली कोथिंबीर घाला आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. वाढताना वरचं निवळ आधी, तळाची डाळ नंतर.

फार आंबट झालं तर साखर घालू नका. आणखी थोडं डाळीचं पाणी घाला आणि पुन्हा फेस येईपर्यंत तापवा. किंचित गूळ काही तमिळ घरांतही घालतात, पण शिकत असताना तो टाळा. आपल्याला आमटीत गुळाची सवय असते, आणि गूळ पडला की चिंच कमी शिजली की जास्त, हे जिभेला कळेनासं होतं.

जुन्या घरांत रसमसाठी ईयच्चोंबु नावाचं कथलाचं भांडं असतं. कुणी भेट दिलं तर जपून वापरा. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून भांडं आधी पाण्याने भरायचं आणि मगच विस्तवावर ठेवायचं. रिकामं तापवलं तर बूड गळून पडतं. ज्योतही भांड्याच्या बाजूंवर चढू द्यायची नाही.

आठवड्यातून तीनदा रसम करा. दर वेळी एकच गोष्ट बदला: एकदा चिंच निम्मी, एकदा टोमॅटोऐवजी शेवटी लिंबू, एकदा मिरे जास्त. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की चव कशाने बदलली ते कळत नाही.

दुसरा आठवडा: पोरियल आणि दहीभात

पोरियल म्हणजे आपली परतलेली भाजी, पण फोडणी निराळी. आपण तेलात मोहरी, हिंग आणि हळद टाकतो आणि भाजी घालतो. तिकडे मोहरी तडतडली की एक चमचा उडदाची डाळ पडते, आणि ती मसाला म्हणून पडते. मंद आचेवर ती सोनेरी तांबूस झाली पाहिजे. पिवळट राहिली तर दातांत कच्ची लागते, काळी झाली तर सगळी भाजी कडू. मग सुकी मिरची आणि कढीपत्ता. हळद तेलात जळू देत नाहीत, भाजीबरोबर किंवा शिजवायच्या पाण्यात घालतात. फरसबी, कोबी, गाजर, बीट, पडवळ काहीही बारीक चिरून थोड्या पाण्यात झाकून शिजवा, पाणी आटवा, आणि शेवटी मूठभर ओलं खोबरं घालून दोन मिनिटांत उतरवा. खोबरं फार परतलं की कोरडं पडतं. दाण्याचं कूट नको, धणे-जिरे पूडही नको. भाजीची स्वतःची चव समोर येऊ द्या.

दहीभात सोपा समजून लोक उरलेल्या गार भातात दही कालवतात. तो खायला बरा, पण घरचा तयिर सादम तसा नसतो. भात नेहमीपेक्षा जास्त पाण्यात मऊ शिजवा आणि गरम असतानाच पळीने चांगला घोटा. त्यात अर्धा कप गरम दूध घाला. कोमट झाला की दही. भात कढत असताना दही घातलं तर फुटतं आणि पाणी सुटतं. दूध घालायचं कारण असं की डब्यात चार-पाच तास राहिला तरी भात आंबट होत नाही आणि दगडासारखा बसतही नाही. प्रवासाला न्यायचा असेल तर दूध जास्त आणि दही फक्त दोन चमचे विरजणापुरतं. खायच्या वेळेपर्यंत तो आपोआप लागतो. फोडणीत मोहरी, उडदाची डाळ, बारीक आलं, हिरवी मिरची, हिंग, कढीपत्ता.

तिसरा आठवडा: सांबार

सांबाराचा जन्म तंजावूरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात झाला अशी कथा आपल्याकडे आवडीने सांगितली जाते. तंजावरात भोसल्यांचं राज्य १७व्या शतकापासून १८५५ पर्यंत होतं हे खरं. बाकी गोष्ट दंतकथा म्हणून ऐकावी. स्वयंपाकात तिचा उपयोग उलट दिशेने होतो: सांबार ही आपलीच आमटी आहे असं समजून जो करायला जातो, त्याच्या हातून आमटीच होते. गोडा मसाला, गूळ आणि कोकम तिघांनाही बाजूला ठेवा.

बाजारची पूड वापरता येते, पण एकदा तरी ‘अरैत्तु विट्ट सांबार’ करा, म्हणजे ताजं वाटण घातलेलं. दोन मोठे चमचे धणे, एक मोठा चमचा हरभराडाळ, पाव चमचा मेथी आणि पाच ब्याडगी मिरच्या चमचाभर तेलात मंद भाजा. डाळ तांबूस झाली की तीन मोठे चमचे ओलं खोबरं घालून मिनिटभर परता. गार करून थोड्या पाण्याबरोबर गुळगुळीत वाटा. मेथी मोजून घ्या. अर्धा चमचा झाली तरी कडवटपणा जाणवतो.

अर्धा कप तूरडाळ मऊ शिजवून घोटा. दुसऱ्या पातेल्यात लिंबाएवढ्या चिंचेचा दोन कप कोळ, मीठ, हळद, हिंग आणि भाजी घालून उकळा. भाजी एक किंवा फार तर दोन: शेवग्याच्या शेंगा, छोटे कांदे, लाल भोपळा, वांगी यांतली. सांबारात जी भाजी असेल तिची चव सगळ्या रसात उतरते, म्हणून सहा भाज्या एकत्र टाकू नयेत असं मला मनापासून वाटतं. शेवगा चिंचेच्या पाण्यात शिजायला वेळ घेतो, तो आधी साध्या पाण्यात अर्धा शिजवून घ्या. कांदे थोड्या तेलात परतून मग घाला. चिंचेचा कच्चा वास गेला की डाळ, मग वाटण. वाटण घातल्यावर पाच-सात मिनिटं मंद उकळी पुरे. शेवटी मोहरी, मेथीचे चार दाणे, मिरची, कढीपत्ता यांची फोडणी.

हरभराडाळीमुळे हे सांबार गार होताना दाटतं. म्हणून विस्तवावर असताना हवं त्यापेक्षा पातळच ठेवा, आणि नंतर सैल करायचं तर गरम पाणीच घाला.

चौथा आठवडा: मोर कुळंबु

मोर म्हणजे ताक. कढी येणाऱ्या मराठी माणसाला हा कुळंबु लगेच जमतो. आपण बेसन लावतो, तिथे भिजवलेली डाळ आणि तांदूळ वाटून लावतात. एकेक चमचा तूरडाळ, हरभराडाळ आणि तांदूळ अर्धा तास भिजवा. अर्धा चमचा जिरे, तीन हिरव्या मिरच्या, तीन चमचे खोबरं यांबरोबर बारीक वाटा. दोन कप आंबट, घुसळलेल्या ताकात हे वाटण, हळद आणि मीठ मिसळा. वाफवलेल्या कोहळ्याच्या फोडी घालून मंद आचेवर सतत ढवळत तापवा. फेस चढला की उतरवायचं. खळखळून उकळलं तर ताक फाटतं. फोडणी खोबरेल तेलात दिली तर फारच छान.

आणि इडली? हे चार पदार्थ हाताला बसल्यावर. चार वाट्या इडलीचा उकडा तांदूळ, एक वाटी अख्खे सोललेले उडीद, अर्धा चमचा मेथी; उडीद वेगळे आणि गार पाण्याने वाटायचे. उन्हाळ्यात आठ तासांत पीठ येतं, पुण्याच्या थंडीत जास्त वेळ द्यावा लागतो.

दुसऱ्याकडून घेताना आणि दुसऱ्याला देताना

ही विद्या माणसाकडून माणसाकडे गेलेली आहे, तेव्हा शेजारच्या मामींना, केरळच्या असतील तर चेचींना विचारायला संकोच करू नका. मात्र ‘सांबार कसं करता?’ असं विचारलं तर उत्तर ‘अंदाजाने’ असंच येणार. नेमकं विचारा: चिंच किती, जुनी की नवी? डाळ किती शिट्ट्या? गॅस कशावरून बंद करता? शक्य असेल तर त्यांच्या शेजारी उभं राहा. त्यांची मूठ पातेल्यात पडण्याआधी ती वाटीत घ्या आणि सोबत नेलेल्या काट्यावर तोला. कुणाची ‘मूठभर डाळ’ ४० ग्रॅम, कुणाची ७०. त्यांनी डबा भरून दिला तर तो रिकामा परत करू नका. आपली थालीपीठ भाजणी किंवा पुरणपोळी त्यांनाही हवी असते, आणि तिची कृतीही तितक्याच बारकाईने लिहून द्या.

लिहून देताना कप केवढा ते सांगा. बाजारातला मोजमापाचा कप २४० मिलिलिटरचा असतो, घरातली वाटी बहुतेक दीडशेच्या आसपास. डाळ कच्ची मोजली की शिजलेली, नारळ ओला की सुका, चमचा चहाचा की पोह्यांचा, हे सुटलं की पुढचा माणूस अडतो. मिनिटांबरोबर खूणही लिहा: ‘दहा मिनिटं, किंवा कच्चा वास जाईपर्यंत’. कोणाच्या घरची कृती तेही लिहा, पालक्काडची की मदुराईची, आणि ती व्यक्ती नाव द्यायला तयार आहे का ते विचारून घ्या. तुम्ही काही बदललं असेल, चिंचेऐवजी आमसूल घातलं असेल, तर तो बदल वेगळ्या ओळीत स्पष्ट नोंदवा. मूळ कृती शाबूत राहिली की घेणारा स्वतःचं ठरवू शकतो.

पहिल्यांदा कुणाला काही करून द्यायचं असेल तर वत्तल कुळंबु द्या, कारण तो टिकतो. चार मोठे चमचे तिळाच्या तेलात मोहरी, थोडी मेथी, चमचाभर तूरडाळ, दोन मिरच्या आणि भरपूर हिंग घाला. त्यात दोन मोठे चमचे सुंडक्काय किंवा मणत्तक्काळी या छोट्या कडसर फळांचे वत्तल काळपट होईपर्यंत तळा. आच मंद करून दोन चमचे सांबार पूड तेलातच दहा सेकंद परता, जळू देऊ नका. लगेच मोठ्या लिंबाएवढ्या चिंचेचा अडीच कप कोळ ओता. मीठ जपून, कारण वत्तल मीठ-ताकात मुरवून वाळवलेले असतात. वीस मिनिटं आटवा. कडेला तेल सुटलं आणि पळीवर रस चिकटला की झाला. पूर्ण गार करून कोरड्या काचेच्या बरणीत भरा आणि झाकणावर तारीख घाला. सोबतच्या चिठ्ठीत लिहा: फ्रीजमध्ये ठेवा, कोरडा चमचाच वापरा, गरम भातात आधी तिळाचं तेल किंवा तूप घाला आणि मग हा अगदी थोडा, जोडीला भाजलेला पापड.